किटेल, आर्डेन आणि दामले: मेडिकलच्या काउंटरवर वापरलेली तीन व्याकरणं

सोलापुरात मेडिकल चालवायचं तर तीन भाषा लागतात. अक्कलकोट-इंडीकडून येणारे कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका तेलुगू. कामापुरतं दोन्ही येत होतं, पण आतलं यंत्र कळावं म्हणून पावसाळ्यापासून किटेलचं कन्नड व्याकरण (१९०३), आर्डेनचं तेलुगू व्याकरण (१८७३) आणि मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) वाचतोय. पहिली दोन इंग्रजीत आहेत. नेटवर फुकट मिळतात.

सगळ्यात उपयोगी आर्डेन. आधी लिपी आणि नमुना वाक्यं, मग बोलीचं पूर्ण व्याकरण, आणि ग्रंथांची भाषा शेवटच्या भागात वेगळी. त्यामुळे काय सोडायचं ते लगेच कळतं. मराठी माणूस हमखास अडकतो लिंगात. 'ती आली' आणि 'ते आलं', दोन्हीला तेलुगूत 'वच्चिंदि'च. अनेकवचनात मात्र माणसं 'वच्चारु' आणि वस्तू 'वच्चायि'. वयस्कर बाईंना मानाने 'वच्चारु' म्हणायचं, हे काउंटरवर फार महत्त्वाचं.

किटेल विद्वान खरा, पण शिकायला घेऊ नका. प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक कन्नड एकाच पुस्तकात आहे. साधं क्रियापदाचं रूप शोधायला गेलं की आधी केशिराज या जुन्या कन्नड व्याकरणकाराच्या काळातून यावं लागतं. शंका आली की उघडायचा ग्रंथ, एवढंच. शिवाय 'या, यावं' म्हणायला पुस्तकी 'बन्नि' सोलापुरात कोण म्हणतं? इथे 'बर्री'. ते ग्राहकांकडूनच शिकायचं.

दोन्ही पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली, त्यामुळे आपल्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर पानंच्या पानं जातात. 'ते औषध नाही' आणि 'हे ते औषध नव्हे' यांतला फरक कन्नडमध्ये 'इल्ल' आणि 'अल्ल', तेलुगूत 'लेदु' आणि 'कादु'. इंग्रजीत असे दोन शब्द नाहीत, म्हणून तिथे समजावत बसावं लागतं. आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं ठेवतो, तसं तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु'. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींना 'नावु'च. अशा जागी मी इंग्रजी स्पष्टीकरण सोडून दामले उघडतो. क्रियापदाचे काळ आणि अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे) यांचा दामल्यांनी केलेला काथ्याकूट शाळेत कंटाळवाणा वाटला असता. आता दुसऱ्या भाषेशी ताडून बघायला तोच कामी येतो.

छापील प्रत घेणार असाल तर आतली पानं बघूनच घ्या. माझ्या आर्डेनच्या पुनर्मुद्रणात अक्षरांवरच्या बारीक खुणा पुसट झाल्यात, आणि तेलुगूत खूण गेली की स्वरच बदलतो. शेवटी फोनवरची पीडीएफ मोठी करून वाचतो. दामले मात्र छापीलच बरा. तीन-चार ठिकाणी बोटं घालून वाचावा लागतो.