सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन, आणि बिझनेस प्रोफाइल म्हणजे गूगलच्या शोधात आणि मॅप्सवर दिसणारी धंद्याची नोंद. गूगलची ही दोन्ही साधनं फुकट आहेत आणि छोट्या व्यवसायाला सुरुवातीला दुसरं काहीही विकत घ्यायची गरज नाही. सर्च कन्सोल रोगाचं नाव बरोबर सांगतं, कारण मात्र आपल्यालाच शोधावं लागतं. बिझनेस प्रोफाइल हे ज्याचं दुकान, दवाखाना, गॅरेज किंवा क्लास आहे त्याला वेबसाइटपेक्षाही जास्त गिऱ्हाईक देतं, पण नियम न वाचता त्यात हात घातला की ते सस्पेंड होतं. खालचं सगळं वर्डप्रेसवरच्या (साइट बनवायची प्रणाली) मराठी-इंग्रजी साइट्स आणि एका शहरात चालणारे धंदे यांना धरून आहे. हजारो वस्तूंच्या ऑनलाइन दुकानाचं गणित निराळं.

जोडणी

सर्च कन्सोलमध्ये प्रॉपर्टी, म्हणजे तिथे जोडलेली आपली साइट, दोन प्रकारची असते. यूआरएल प्रीफिक्स घेतली तर टाकलेल्या नेमक्या पत्त्याचाच डेटा दिसतो. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडत असेल आणि प्रॉपर्टी त्याशिवायची असेल, तर आलेख जमिनीला टेकलेला दिसतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. त्यामुळे साइटचे सगळे पत्ते एकत्र धरणारी डोमेन प्रॉपर्टीच घ्या. त्यासाठी डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींची जागा) गूगलने दिलेला एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, टाकायचा. पडताळणी झाली म्हणून तो नंतर काढू नका, नाहीतर मालकी जाते.

डेटा १६ महिनेच राहतो. तक्त्यात १००० ओळीच दिसतात, आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी गाळले जातात. म्हणून खालच्या क्वेरींची (लोकांनी टाइप केलेल्या शोधांची) बेरीज वरच्या एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. हा बिघाड नव्हे. दर महिन्याला एक्सपोर्ट करून शीटमध्ये ठेवा. गेल्या दिवाळीची तुलना त्याआधीच्या दिवाळीशी करायची वेळ येते तेव्हा १६ महिने अपुरे पडतात.

पान गूगलवर येतच नाही

पेजेस रिपोर्टमध्ये ‘नॉट इंडेक्स्ड’चा, म्हणजे गूगलने आपल्या यादीत न घेतलेल्या पानांचा, आकडा इंडेक्स झालेल्यांपेक्षा मोठा दिसला तर लगेच कुणाला फोन लावू नका. रीडायरेक्ट झालेली (दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेली) पानं, टॅगची पानं, फीडचे पत्ते, मुद्दाम नोइंडेक्स केलेली (‘यादीत घेऊ नका’ अशी खूण लावलेली) पानं असं सगळं त्यात धरलेलं असतं. वरच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘ऑल सबमिटेड पेजेस’ निवडा, म्हणजे साइटमॅपमधली (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीतली), अर्थात आपल्याला खरोखर हवी असलेली पानं तेवढी उरतात. त्यातलं काही बाहेर राहिलं असेल तरच काम आहे.

सगळी साइटच गायब असेल तर पहिली तपासणी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’मध्ये. सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन तिथे असतो. साइट बनत असताना डेव्हलपर त्यावर टिक करतो आणि साइट सुरू करताना काढायचं विसरतो. टिक काढल्यावरही सर्च कन्सोलमधलं यूआरएल इन्स्पेक्शन (एकेका पत्त्याची तपासणी) ‘नोइंडेक्स’ दाखवत असेल, तर दोन शक्यता: तो निकाल गूगलच्या मागच्या भेटीचा आहे, किंवा कॅशे प्लगइन (पानाची साठवलेली प्रत देणारं) अजून जुनंच पान देतंय. कॅशे रिकामी करा आणि ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा. आजची स्थिती तिथेच कळते.

एखादं पान गूगलवरून काढायचं म्हणून रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) अडवायचं आणि त्याच पानावर नोइंडेक्सही लावायचं, हा उलटा उद्योग बराच दिसतो. अडवलेलं पान गूगल उघडतच नाही, मग आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? पत्ता शोधात तसाच राहू शकतो. आधी अडसर काढा, नोइंडेक्स वाचू द्या. रिमूव्हल्स टूलने पान साधारण सहा महिन्यांपुरतं झाकलं जातं, कायमचं जात नाही.

आता पेजेस रिपोर्टमधल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पण अगदी वेगळ्या नोंदी. ‘डिस्कव्हर्ड - करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता माहीत आहे, पण गूगल तिथे गेलेलं नाही. इथे सर्व्हर बघायचा. सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमधल्या क्रॉल स्टॅट्समध्ये (गूगलच्या भेटींचा अहवाल) सरासरी प्रतिसादाचा वेळ आणि होस्टची स्थिती दिसते. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइट्स) हा वेळ चढत गेला की गूगल भेटी कमी करतं. सिक्युरिटी प्लगइनमध्ये भारताबाहेरचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) बंद केलेत का, तेही बघा. ‘आपलं गिऱ्हाईक तर सांगलीतलंच’ म्हणून ही सेटिंग मोठ्या हौसेने लावली जाते, पण गूगलबॉट (पानं वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम) मुख्यतः अमेरिकेतल्या आयपींवरून येतो आणि दारातच ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, खाऊन परत जातो.

‘क्रॉल्ड - करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे गूगलने पान वाचलं आणि ठेवलं नाही. इथे सर्व्हर ठीक असतो, प्रश्न मजकुराचा असतो. नेहमीचा नमुना: आरओ दुरुस्तीच्या साइटवर कोथरूड, वारजे, कर्वेनगर, बावधन अशी पानं, आणि प्रत्येकात तोच मजकूर, फक्त भागाचं नाव बदललेलं. गूगलच्या नियमांत अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणतात. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ कितीही दाबलं तरी उपयोग नाही. त्याला रोजची मर्यादा आहे आणि तेच बटण पुन्हा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: सगळी पानं एकात विलीन करून जुन्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळण) द्यायचं. वेगळं पान ठेवायचंच असेल तर वेगळं सांगण्यासारखं काहीतरी हवं. त्या भागात बोअरचं पाणी किती येतं, त्यामुळे मेम्ब्रेन किती दिवसांत बदलावं लागतं, त्या भागात भेटीचे पैसे किती, माणूस किती वाजेपर्यंत येतो, तिथल्याच कामाचे फोटो. एवढं लिहिण्यासारखं नसेल तर त्या भागाचं पान नकोच.

मराठी साइट्सच्या खास भानगडी

परदेशी ट्यूटोरियलमध्ये हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि तो २०० वर्णांवर कापतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी, अगदी पाय मोडण्याची खूणसुद्धा पत्त्यात ९ वर्ण खाते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘घरगुती पाण्याच्या टाकीची सफाई कशी करावी’ या शीर्षकाचा पत्ता ‘टाकीची’पाशीच संपतो आणि ज्या शब्दासाठी लेख लिहिला तो ‘सफाई’ बाहेर राहतो. पुढच्या आठवड्यात ‘घरगुती पाण्याच्या टाकीची गळती’ लिहिलं की तिथेही तेच होतं आणि शेवटी नुसता २ चिकटतो. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची दीड फूट माळ जाते. पर्मालिंक (पानाचा पत्ता) हाताने लिहा, रोमनमध्ये आणि तीन-चार शब्दांत. प्रसिद्ध झालेल्या पानांचे जुने पत्ते बदलणार असाल तर ३०१ न विसरता.

दुसरं म्हणजे युनिकोड नसलेले फॉन्ट. जुन्या डीटीपीच्या फाइलमधला मजकूर थेट चिकटवला, तर तो फॉन्ट लावल्यावर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो आणि गूगल तो कचराच वाचतं. ओळखायची युक्ती सोपी: ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी राहिली तर ठीक, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा. दरपत्रक, वेळापत्रक, प्रवेशाची माहिती नुसत्या जेपीजीत असेल तर तेही टाइप करून घ्या.

लोक आपल्याला कोणत्या भाषेत शोधतात हे सर्च कन्सोलमध्ये फार छान कळतं, आणि हे साधन ठेवण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्वेरीचा फिल्टर, त्यात ‘कस्टम रेजेक्स’ (अक्षरांचा नमुना देऊन गाळायची सोय), आणि चौकटीत एवढंच टाका: [अ-ह]. देवनागरीतले सगळे शोध वेगळे होतात. हिंदीही त्यात येतं, ते नजरेने गाळा. मग तोच फिल्टर ‘डझन्ट मॅच’वर करा, म्हणजे रोमनमध्ये टाइप केलेलं मराठी आणि इंग्रजी उरतं. देवनागरी शोधांना इम्प्रेशन्स (निकालांत दिसल्याची संख्या) आहेत, पण दिसतंय इंग्रजी पान आणि क्लिक होत नाहीत, तर मराठी पान कुठे कमी पडतंय ते तिथून शोधायला लागा.

आकडे घसरले तर

इम्प्रेशन्स पडले आणि क्लिक जागच्या जागी, तर बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पानावर १०० निकाल मागण्याची सोय बंद झाली आणि त्याच सुमारास अनेक साइट्सचे डेस्कटॉपवरचे इम्प्रेशन्स खाली आले, सरासरी पोझिशन मात्र सुधारली. क्लिकही पडले असतील तर तारखांची तुलना लावून आधी पानांची यादी बघा, मग क्वेरींची. एकच पान पडलं की सगळी साइट, यावर पुढचा सगळा तपास अवलंबून.

कोअर वेब व्हायटल्स, म्हणजे पानाचा वेग आणि स्थिरता मोजणारे गूगलचे निकष, यांबद्दल थोडक्यात. मर्यादा अशा: एलसीपी (पानाचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळण्याचा वेळ) २०० मिलिसेकंद, सीएलएस (उघडताना पान किती हलतं त्याचं माप) ०.१. आकडे खऱ्या वापरकर्त्यांच्या २८ दिवसांचे असतात, त्यामुळे आज फोटो लहान केले म्हणून उद्या हिरवं होत नाही. कमी वर्दळीच्या साइटला ‘पुरेसा डेटा नाही’ असंच दिसतं. ते चालतं.

एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘मेटा कीवर्ड्स’ (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी) दिसलं तर ती ओळ खुशाल कापा. गूगल ते वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. एफएक्यू स्कीमा (पानावर प्रश्नोत्तरं आहेत असं गूगलला सांगणारा कोड) लावून शोधात प्रश्नोत्तरं झळकतील असं सांगणाऱ्यालाही विचारा, की ऑगस्ट २०२३ पासून ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती ठेवली होती, मग आपल्याला कशी मिळणार?

बिझनेस प्रोफाइल

इथे सगळ्यात मोठा फरक पाडते ती मुख्य कॅटेगरी. एक मुख्य आणि आणखी नऊ जोडता येतात, पण नऊ भरायचा अट्टहास नको. दाताच्या दवाखान्याने ‘डेंटल क्लिनिक’ निवडायचं सोडून ‘हॉस्पिटल’ निवडलं की जवळच्या माणसालाही ते दिसत नाही. वर्णनाला ७५० वर्ण आहेत, त्यात काय देता ते साधं लिहा.

नाव पाटीवर आहे तेच. नावापुढे ‘बेस्ट एसी रिपेअर इन नाशिक’ जोडलं की काही दिवस वर जाता येतं, हे खरं आहे आणि म्हणूनच लोक करतात. पण शेजारच्या स्पर्धकाने ‘सजेस्ट ॲन एडिट’ केलं की नाव बदलतं किंवा प्रोफाइल सस्पेंड होतं. घरून काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने पत्ता लपवून सेवाक्षेत्र भरावं. २० भाग जोडता येतात. मात्र भाग जोडले म्हणून तिथे वर दिसाल असं नाही. अंतर हा निकष आहेच, हडपसरच्या दुकानाला निगडीत पहिला नंबर कुणी विकू शकत नाही.

पडताळणीला बहुतेकदा व्हिडिओ मागतात. एकसलग, मध्ये न तोडता, किमान ३० सेकंद: रस्ता आणि शेजारचं दुकान, पाटी, मग शटर किंवा कुलूप स्वतः उघडणं, आतली हत्यारं किंवा बिलिंगचा संगणक. आधारकार्ड, बँकेचे कागद कॅमेऱ्यासमोर धरू नका, ते लागत नाहीत.

सस्पेंड झालं तर नवीन प्रोफाइल काढू नका. आधी चूक दुरुस्त करा, कागद स्कॅन करून ठेवा आणि मगच अपील उघडा, कारण पुरावा जोडायला ६० मिनिटंच मिळतात. गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल यांवरचं नाव-पत्ता प्रोफाइलशी जुळायला हवा. कामगार कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टची नोंदणी नसते, नुसती सूचना दिल्याची पावती मिळते, तीच जोडा. वीजबिल जागामालकाच्या नावावर असेल तर भाडेकरारही हाताशी ठेवा.

परफॉर्मन्समधले ‘कॉल्स’ म्हणजे बटण दाबल्याची संख्या, उचललेले फोन नव्हेत. सवलत देऊन रिव्ह्यू मागणं नियमात बसत नाही.

शेवटी चाव्या कुणाकडे आहेत ते बघा. दोन्हीकडे मालक म्हणून धंदेवाल्याचा स्वतःचा जीमेल हवा, एजन्सीला बिझनेस प्रोफाइलमध्ये मॅनेजर आणि सर्च कन्सोलमध्ये फुल यूजर करा. सर्च कन्सोलमध्ये जुन्या माणसाचं नाव काढून भागत नाही, त्याची पडताळणी फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएस रेकॉर्डही काढावा लागतो, नाहीतर तो परत मालक होऊ शकतो. बिझनेस प्रोफाइल दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मालकी मागण्याची विनंती पाठवा. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस असतात, त्यानंतर गूगल तुम्हाला स्वतः पडताळणी करायची संधी देऊ शकतं. ताबा मिळाल्यावरही पहिले सात दिवस नव्या मालकाला जुन्यांना काढता येत नाही, तेवढं धरून चाला.