तिशी-पस्तिशीत हृदयासाठी रक्त तपासायचं, तर नेमकं काय?

निपाणीचा माझा मावसभाऊ ३४ वर्षांचा. त्याच्या वडिलांना ४८व्या वर्षी अटॅक आला होता. 'हार्ट पॅकेज'चं पत्रक दाखवून म्हणाला, "दादा, हे सगळं करू, का नुसतं लिपिड?"

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायचीच. मात्र त्यातला एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतो, गणितानं काढलेला असतो. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) ४००च्या वर गेले की ते गणित फसतं.

खरी निवड पुढच्या दोन चाचण्यांत आहे: अपोबी आणि एलपीए. चिकोडीकडे उसाच्या हंगामात रस्ता तुंबतो तो ट्रॉल्यांच्या संख्येनं, एकेकीत ऊस किती भरलाय त्यानं नव्हे. धमनीचंही तसंच. एलडीएल हा माल, अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) ही ट्रॉल्यांची मोजणी, कारण प्रत्येक घातक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. पोट सुटलंय, साखर काठावर आहे, ट्रायग्लिसराइड्स वाढलेत, तर एलडीएल ठीक दिसूनही अपोबी जास्त निघू शकतं. अशांनी अपोबी करावं.

लायपोप्रोटीन ए, म्हणजे एलपीए, हा एलडीएलसारखाच एक कण; त्याचं प्रमाण बहुतांशी आईवडिलांकडून येतं. पथ्यानं, चालण्यानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. ५० मिलीग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर म्हणजे जास्त. रिपोर्टवर एकक कुठलं ते आधी बघा. घरात कमी वयात अटॅक आला असेल, तर माझा कौल आधी एलपीएला. जास्त निघालं तर एलडीएल, बीपी, तंबाखू यांत डॉक्टर ढिलाई देणार नाहीत, आणि हाच त्या आकड्याचा उपयोग.

एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातल्या सुजेचं माप, सर्दीतापानं, हिरड्या सुजल्यानंही वाढतं. १०च्या वर आलं तर बरं वाटल्यावर पुन्हा करा. होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, शाकाहारी माणसात बी१२ कमी पडल्यानंही चढतं. गोळ्यांनी ते उतरतं, पण मोठ्या चाचण्यांत त्यानं अटॅक कमी झाले नाहीत. या दोन्हींवर पहिल्या फेरीत पैसे घालू नयेत असं मला ठामपणे वाटतं.

आणि छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, तर यातलं काहीच नको. थेट दवाखाना, ईसीजी.

भावानं लिपिड आणि एलपीए केलं. एलपीए ७२ मिलीग्रॅम निघालं. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीलाही लॅबमध्ये घेऊन गेला.