जांभळा स्केचपेन की दोन मतं?

२०२४ च्या विधानसभा निकालातले दोन आकडे शेजारी ठेवा. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाला ११.२८ टक्के मतं, आमदार १०. अजित पवार गटाला ९.०१ टक्के, आमदार ४१. कोणी किती जागा लढवल्या याचाही त्यात वाटा आहे, पण एवढी तफावत ‘ज्याला सर्वात जास्त मतं तो आमदार’ या पद्धतीतच पडू शकते.

ही पद्धत बदलायचीच तर दोन पर्याय: मिश्र पद्धत आणि पसंतीक्रम. निव्वळ पक्षयादी, म्हणजे मत फक्त पक्षाला आणि आमदार पक्षाने केलेल्या यादीतून, मी सोडूनच देतो. काम अडलं की कोणत्या आमदाराचं दार ठोठवायचं?

मिश्र पद्धत जर्मनीत आहे, न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून. एक मत उमेदवाराला, एक पक्षाला. मतांच्या मानाने कमी पडलेल्या जागा यादीतून भरून देतात. हिशोब चोख. पण यादी कोण करणार? तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या आत्ताच काय कमी आहेत! शिवाय २८८ तल्या अर्ध्या जागा यादीला दिल्या, तर मतदारसंघ दुप्पट मोठे होतील. गडचिरोलीत आज पूर्ण जिल्ह्याला तीनच आमदार आहेत.

माझा कौल पसंतीक्रमाला. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना तो ठाऊक आहे: केंद्रावर मिळालेला जांभळा स्केचपेन, नावापुढे १, २, ३. बरोबरची खूण केली की मत बाद. तिथे जागा एकच, म्हणून निम्म्याहून जास्त मतं लागतात. नागपूर शहराच्या सहाही जागांचा एकच मतदारसंघ केला तर सातव्या हिश्श्याहून थोडी जास्त, म्हणजे साधारण १४.३ टक्के मतं एका जागेला पुरतील. निवडून आलेल्याची त्याहून जास्तीची आणि बाद झालेल्या उमेदवारांची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

‘म्हणजे महापालिकेचा प्रभागच की!’ नाही. प्रभागात चार जागांना चार वेगळी मतं, त्यामुळे एकच पक्ष चारही नेऊ शकतो. २०१७ मध्ये नागपूर महापालिकेत १५१ पैकी १०८ जागा भाजपच्या होत्या. पसंतीक्रमात प्रत्येकाचं मत एकच, ते फक्त सरकतं.

मोजणी लांबेल, हे खरं. गडचिरोलीचे तिन्ही मतदारसंघ मात्र जोडू नयेत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९५० च्या दशकापर्यंत एडमंटन, कॅलगरी या शहरांतून पसंतीक्रमाने अनेक आमदार निवडत, गावाकडे एकेकच. तसंच इथेही जमेल. फक्त उत्तर नागपूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सहा जागा एकत्र केल्यावर ती कशी राखायची, हा नियम आधी लिहून घ्यावा लागेल.