लेट्रोझोलची सांधेदुखी: सुया, गोळी की व्यायाम?

हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगानंतर अनेकींना लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोलची गोळी सहसा पाच वर्षं किंवा जास्त घ्यावी लागते. तिने इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि सकाळी बोटं मिटत नाहीत, जिना उतरताना गुडघे धरतात. वैतागून कितीतरी जणी गोळी परस्पर बंद करतात. मला खरी भीती त्याचीच वाटते, कारण रोग परतू नये म्हणून तीच गोळी राखण करते.

या दुखण्यावर अॅक्युपंक्चरची बाजू मला वाटलं होतं त्याहून भक्कम निघाली. अमेरिकेतल्या 226 स्त्रियांवरची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना योग्य जागी सुया, काहींना भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, काहींना काहीच नाही. सहा आठवड्यांनी दहापैकी मोजलेलं दुखणं पहिल्या गटात 2 अंकांनी उतरलं, बाकी दोन्हींत 1 अंकानेच. वर्षाअखेरीही फरक होता. मात्र त्यासाठी 12 आठवड्यांत 18 बैठका कराव्या लागतात. तालुक्याच्या गावाहून शहरात जाणाऱ्या बाईला खर्चाइतकाच प्रवास जड जातो.

ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची गोळी घरी घेता येते आणि 12 आठवड्यांत तीही दुखणं उतरवते. पण तोंड कोरडं पडतं, मळमळतं, थकवा येतो. शिवाय ती एकदम सोडता येत नाही.

व्यायामाला बहुतेकजणी हसून टाळतात. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनाचे व्यायाम, असं वर्षभर केलेल्या गटाचं दुखणं 29 टक्क्यांनी घटलं. मी तरी सुरुवात इथूनच करायला सांगेन आणि झेपत असेल तर जोडीला सुया.

केमोच्या उलट्यांसाठी मात्र सुयांवर विसंबू नका. मनगटाच्या आत, तीन बोटं वरच्या बिंदूवर टोचल्याने मळमळ कमी होते, पण ते औषधांच्या जोडीला. उलट्यांवरच्या ओलान्झापिन या औषधाने गुंगी येते म्हणून नको वाटत असेल, तर डॉक्टरांना कमी मात्रेबद्दल विचारा: मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात 2.5 मिलिग्रॅमने 10 मिलिग्रॅमइतकंच काम केलं आणि गुंगी कमी आली.

सुया घ्यायच्या ठरल्या तर आधी रक्त तपासा. प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर थांबा. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हातावर सुई नको. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015 चा कायदा आहे, म्हणून नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.