ब्लेझरची मापं दिली तिथेच आम्ही बुडालो

माणशी १,०४,६०० रुपये. सहा जणांचे ६,२७,६००. सिंगापूरच्या २०२५ च्या वर्ल्ड मास्टर्स जलतरण स्पर्धेसाठी, म्हणजे प्रौढांच्या वयोगटवार जागतिक स्पर्धेसाठी, पुण्यातल्या आमच्या सकाळच्या पोहण्याच्या बॅचने हे पैसे 'भारताच्या संघात स्लॉट देतो' म्हणणाऱ्या एका भामट्याला दिले. एंट्री नाही, तिकीट नाही, हॉटेल नाही. व्हॉट्सअॅप, 'मर्यादित जागा', 'आज रात्रीपर्यंतच' हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते उगाळत नाही. फक्त एवढंच, की आमच्यात एक सीए आहे आणि दोघी शिक्षिका. 'एवढे शिकलेले असून' हे ऐकून कान किटलेत, तेव्हा तो शेरा कृपया नको.

हिशेब असा: ट्रायल आणि 'पात्रता सर्टिफिकेट' २,५००, तीन इव्हेंट आणि एका रिलेची एंट्री १४,०००, ब्लेझर-ट्रॅकसूट किट ६,५००, विमान आणि सात रात्रींचं हॉटेल ७२,०००, त्यावर ५ टक्के टीसीएस (सहल विकणारा सरकारसाठी गोळा करतो तो कर) ३,६००, व्हिसा ४,८००, एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) १,२००. हे शेवटचं कार्ड फुकट असतं! पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या (आयसीए) संकेतस्थळावर आपलं आपण भरायचं. त्याने त्याचे पैसे एप्रिलमध्येच घेतले.

ट्रायल २५ मीटरच्या टँकवर, हातातल्या स्टॉपवॉचवर. स्पर्धा ५० मीटरच्या टँकवर. शंभर मीटरला २५ च्या टँकवर तीन टर्न मिळतात, ५० च्या टँकवर एकच. प्रत्येक टर्नला भिंतीवरून ढकलून घेता येतं, म्हणून छोट्या टँकवरची वेळ नेहमीच चांगली दिसते. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. वेळ चांगली आली म्हणून कुणी बोललं नाही.

मग सर्टिफिकेट आलं. एकीचा जन्म नोव्हेंबर १९८० चा. मास्टर्समध्ये वय स्पर्धेच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे ती ४५ ची, गट ४५–४९. सर्टिफिकेटवर ४०–४४. तिने लगेच कळवलं, तर दहा मिनिटांत दुरुस्त पीडीएफ हजर, सही-शिक्का तोच, जावक क्रमांकही तोच. आम्ही म्हणालो, काय तत्पर माणूस आहे! कुठल्या खऱ्या कार्यालयातून दहा मिनिटांत दुरुस्ती मिळते हो? सातबारावरचं नाव बदलायला वर्षं लागतात आपल्याकडे. तिथेच थांबायला हवं होतं.

पण खरी लाज ब्लेझरची. मास्टर्स वर्ल्ड्समध्ये देशाचा संघ नसतोच. पोहणारा आपल्या क्लबतर्फे उतरतो, क्लब देशाच्या जलतरण फेडरेशनशी संलग्न असला की झालं. निवड समिती नाही, देशाचा कोटा नाही, त्यामुळे 'स्लॉट' विकायला कुणाकडे काही नसतंच. आयोजकांनी वयोगटाप्रमाणे दिलेली पात्रता वेळ पाहायची, आपली वेळ ऑनलाइन भरायची आणि फी थेट आयोजकांना द्यायची. हा नियम आमच्यातल्या निदान तिघांना ठाऊक होता. तरी टँकच्या कडेला, ओल्या अंगाने, शिंप्याच्या टेपने एकमेकांच्या छात्या मोजल्या आणि खांदा १७, छाती ४२ असे आकडे त्याला पाठवले. निळा ब्लेझर, खिशावर 'इंडिया'. पन्नाशीत माणसाला एवढं पुरतं.

पैसे भरताना यूपीआयच्या स्क्रीनवर संस्थेचं नाव नव्हतं, कुणा बाईंचं होतं. 'अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, ट्रस्टचं केवायसीत अडकलंय.' बरं, म्हटलं.

विमानाचा पीएनआर एअरलाइनच्या साइटवर दिसत होता, म्हणून निर्धास्त राहिलो. पीएनआर म्हणजे नुसतं बुकिंग, ते पैसे न भरताही काही काळ होल्डवर राहतं. तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक मागा. तो नसेल तर तिकीट नाही. हॉटेलचंही तेच: फुकटात रद्द होणारं बुकिंग करून पावती पाठवायची, मग रद्द करायचं. हॉटेलला स्वतः फोन करा, पावतीवरच्या नंबरवर नको. टीसीएस घेतला असेल तर तो तुमच्या पॅनवर, आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत (आमच्या वेळी २६एएस) उमटला पाहिजे. हे आमच्या सीएला जुलैत सुचलं. त्याला आता कुणी काही बोलत नाही.

'व्हिसा प्रोसेसमध्ये आहे' म्हणत त्याने शेवटचे १९ दिवस ढकलले. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, 'इतके दिवस काय करत होतात?' शंका आली त्याच मिनिटाला फोन करा, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) समोर ठेवून. तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. पुढे पोलीस ठाणं. एक म्हणाले दिवाणी मामला आहे. दुसरे म्हणाले, खातं परराज्यातलं, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे कलम छापून नेलं तर कागद पालथा घालून त्यावर चहाचा कप ठेवला. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि विचारलं, 'या वयात पोहायला सिंगापूरला कशाला?' पाचव्या खेपेला अर्ज घेतला, एफआयआर नाही. सायबर शाखेने ठाण्यात पाठवलं, ठाण्याने सायबर शाखेत. बँकेने एका ओळीत उत्तर दिलं: व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांचा होता, म्हणजे पिन आम्ही टाकला तिथेच आम्ही संपलो. ६,२७,६०० पैकी ४१,३०० तिसऱ्या खात्यात गोठवलेत. तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका पोहणाऱ्यांच्या गटात मेसेज आला: बुडापेस्ट २०२७, मर्यादित जागा. नंबर नवा आहे. ब्लेझरची मापं मागवली आहेत.