वेळासच्या कासवांच्या नावाखाली १३,२५० रुपये लुबाडले

वेळासला (ता. मंडणगड) कासवं बघायला निघालेल्यांनो, बुकिंगचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

जाहिरात अशी: 'कासव महोत्सव, घरगुती मुक्काम, पिल्लं दिसण्याची १०० टक्के हमी.' चौघांचे १२,८०० ठरले. निम्मे, म्हणजे ६,४०० यूपीआयने भरले. मग 'वन विभागाचा परवाना' १,८५०. मग 'परत मिळणारं डिपॉझिट' ५,०००. गावात पोचलो तर त्या नावाचं घरच नाही, फोन बंद. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पण जाहिरातीतला तो फोटो! दिवसाउजेडी अख्खा किनारा कासविणींनी भरलेला. अहो, तो ओडिशाचा. हजारोंनी एकदम येऊन अंडी घालणं गहिरमाथा, ऋषिकुल्याला होतं. आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण एकेकटी येते, तीही बहुतेक रात्री. हे मी वाचलेलं होतं. तरी फोटो बघून पुढे गेले, याचाच संताप येतो. दुसऱ्या फोटोत पिल्लू एका मुलाच्या तळहातावर. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला जीव, त्याला पर्यटकांच्या हातात कोण देईल? आणि हमी कसली? पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, तेही वाळूच्या उष्णतेवर. हमी देणारा खोटाच समजा.

मी बावळट नाही. तो माणूस भरती-ओहोटीच्या वेळा सांगत होता, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं, हंगाम संपत आलेला, बाकी घरं भरलेली. कुणीही भरले असते.

तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे तुमच्या शहरातून गेले, तिकडे जा. आमच्या ठाण्यात म्हणाले, प्रकार रत्नागिरी जिल्ह्यातला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, 'मॅडम, तेरा हजारांसाठी?' तेरा हजार त्यांच्या लेखी काहीच नाहीत! बँकेचं उत्तर त्याहून निर्लज्ज: पिन तुम्हीच टाकलात. समोरचं खातं गोठवायला कुणी बोट उचललं नाही.

पैसे गेले की आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. पहिले काही तासच कामाचे असतात. परवान्याच्या नावाने खासगी नंबरवर एक रुपयाही नको. आणि तो किनारा भरलेला फोटो वेळासच्या नावाने दिसला, तर स्क्रीनशॉट काढून सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर टाका. ती जाहिरात अजून सुरू आहे.