धंतोलीतील ॲक्युपंक्चर दवाखाना: सुयांबद्दल समाधान, जिन्याबद्दल तक्रार

माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. यंदा मार्च ते मे या काळात तिने नागपूरच्या धंतोलीतील एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा, अशी ॲक्युपंक्चरची वीस सत्रे घेतली.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते. सुयांनी ते आवरण भरून येत नाही, हे दवाखान्यातील बाईंनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितले. न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असे बजावून त्यांनी रक्ताचे रिपोर्ट मागितले, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट पाहिल्या आणि मगच उपचार सुरू केला. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या. पत्नीचा डावा पाय बधिर असल्याने सुई तशीच राहिली तरी तिला कळणार नाही, म्हणून टोचताना आणि काढताना त्या मोठ्याने मोजत. मला ही गोष्ट सर्वांत आवडली.

गुण किती आला? चालण्यात फरक नाही, लघवीच्या घाईतही नाही. मात्र रात्री पायात येणारा ताठरपणा सहाव्या-सातव्या सत्रानंतर कमी झाला, झोप सलग लागू लागली आणि पूर्वी दुपारी चारलाच गळून जाणारी ही बाई संध्याकाळी ओट्याशी उभी राहून चार पोळ्या लाटू लागली. हा सुयांचा परिणाम की अर्धा तास शांत पडून राहण्याचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. या विषयावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांत नकली सुया टोचलेल्यांनाही अनेकदा बरे वाटलेले दिसते. पण घरात त्या पोळ्यांचे मोल आहे.

तक्रार आहे ती जागेची. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सव्वीस पायऱ्या. अंग तापले की या रुग्णांची दृष्टी आणि पायांतील बळ तात्पुरते ढासळते. जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवले होते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारची वेळ, त्यात प्रतीक्षाकक्षात फक्त कूलर! जिना चढून ती बाकावर बसे तेव्हा तिला समोरचे कॅलेंडर अंधूक दिसत असे, आणि सुयांनी मिळालेली उभारी निम्मी तरी त्या पायऱ्यांवरच खर्च होत असे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा नावानिशी समावेश आहे. अशा रुग्णांना बोलावणाऱ्या दवाखान्याने निदान एक खाट तळमजल्यावर ठेवायला हवी.

एका सत्राचे सहाशे रुपये घेतले, पावती मागावी लागली नाही. पावसाळा लागल्यावर सकाळी नऊची वेळ मिळाली, तर आणखी दहा सत्रे घेण्याचा आमचा विचार आहे.